फोटोतलं गोंदण

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी किती जणींच्या कपाटात एखादा जुना डिजिटल कॅमेरा पडून आहे? हात वर करा पाहू! (आठवड्यातून तीन दिवस शाळेत शिकवायला जाते, त्यामुळे ही सवय. चालवून घ्या.) मोबाइलला बरा कॅमेरा आला आणि हा बिचारा चार्जर, पाऊच, दोरी असा आपला सगळा लवाजमा घेऊन साड्यांच्या मागे जाऊन बसला. आमच्याकडेही तेच झालं. २०१२ च्या दिवाळीत बोनस मिळाला तेव्हा ह्यांनी मला निकॉनचा कूलपिक्स घेऊन दिला होता. लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं, त्यामुळे कौतुक केवढं! दोन-तीन वर्षं मी तो मनगटाला अडकवूनच घरभर वावरत होते.

ह्या मे महिन्यात आमच्या लेकीनं तो शोधून काढला. पाचवी पास होऊन सहावीत गेलीय. हल्ली मुलींमध्ये म्हणे ह्या जुन्या कॅमेऱ्यांची पुन्हा फॅशन आलीय. मोबाइलवरचे फोटो ‘फारच गुळगुळीत’ येतात आणि ह्यातले ‘खरे’ वाटतात, असं तिचं म्हणणं. ऐकून मला हसू आलं, पण मनात कुठेतरी टोचलंही. का टोचलं ते पुढे सांगते. आधी तिला जे शिकवलं ते तुम्हालाही सांगून टाकते, म्हणजे ज्यांना फक्त उपयोगाचंच वाचायचंय त्यांचीही सोय होईल.

तिचा पहिला प्रश्न, “आई, ह्यातला फोटो नीट करायला कॉम्प्युटर लागतो का?” नाही लागत. त्रिकोणाची खूण असलेलं बटण दाबायचं, हवा तो फोटो पडद्यावर आणायचा आणि मेनूचं बटण दाबायचं. तिथे बारीकसारीक दुरुस्तीची सगळी हत्यारं असतात. कंपनीप्रमाणे नावं थोडी बदलतात, इतकंच.

माझ्या सगळ्यात उपयोगाचं म्हणजे डी-लायटिंग. आपल्या जुन्या घरांमधून उजेड येतो तो दारातून, आणि फोटोतलं माणूस नेमकं दाराकडे पाठ करून बसलेलं असतं. मग मागचं अंगण लख्ख आणि चेहरा तव्याच्या बुडासारखा. डी-लायटिंगनं अंधारातला भाग तेवढा उजळतो, आधीच उजेडात असलेला फारसा हलत नाही. मात्र फोटो फारच काळोखा असेल तर ओढूनताणून उजळू नका, अंधारातून रवा सांडल्यासारखे कण वर येतात. क्विक रीटच म्हणून आणखी एक आहे, त्यानं रंग जरा ठसठशीत होतात. पण ह्या दोन्हींतलं एकच काहीतरी एका फोटोला करता येतं.

फ्लॅशमुळे डोळे लाल येतात, तेही पुष्कळ कॅमेऱ्यांत आतल्या आत घालवता येतात. काळोखात डोळ्याची बाहुली मोठी झालेली असते, फ्लॅश भिंगाच्या अगदी शेजारी असतो, त्यामुळे डोळ्याच्या मागच्या रक्तवाहिन्यांवरून आपटलेला उजेड सरळ परत भिंगात शिरतो. आमच्या लेकीला वाटायचं, ती चिडलेली असली की डोळे लाल येतात!

कडेचं नको असलेलं कापायचं असेल तर झूमची तरफ फिरवून हवा तेवढाच भाग पडद्यावर आणा, मग मेनू दाबा, की तेवढ्याच भागाचा नवा फोटो तयार. पण कात्री नेहमी सगळ्यात शेवटी चालवावी, कारण एकदा कापलेल्या फोटोवर पुढच्या दुरुस्त्या फारशा करता येत नाहीत. ‘स्मॉल पिक्चर’ म्हणून फोटो लहान करायची सोय आहे, ती फक्त कुणाला पाठवायच्या वेळी वापरा. त्या चिमुकल्या फोटोवरून मोठी प्रिंट काढाल तर पांढऱ्या विणलेल्या रुमालावरची नक्षी पाहतोय असं वाटेल, नुसते चौकोन. आणि एक, कॅमेऱ्याचा पडदा असतो आगपेटीपेक्षा थोडा मोठा. त्यावर सगळंच छान दिसतं. उन्हात उभं राहून तर काहीच ठरवू नका.

आता ह्यातली खरी महत्त्वाची गोष्ट. तुम्ही काहीही करा, कॅमेरा मूळ फोटोला हात लावत नाही. तो प्रत्येक वेळी वेगळी प्रत करतो आणि ती शेजारी ठेवतो. माझ्या कॅमेऱ्यात तर नावावरूनही कळतं. मूळ फोटोच्या नावाची सुरुवात ‘डी’नं, दुरुस्त केलेल्याची ‘एफ’नं, कापलेल्याची ‘आर’नं. म्हणजे कॅमेरा बनवणाऱ्याला आपला स्वभाव ठाऊक होता. बाईमाणसाला (आणि बाप्यामाणसालाही) आज आवडलेलं उद्या आवडेलच असं नाही, म्हणून त्यानं मूळ जपून ठेवायची सोय केली.

ती सोय मोडली ती मी.

सगळं शिकवून झालं आणि लेक म्हणाली, “आई, हे एक राहिलं की! स्किन सॉफ्टनिंग.” मी मुद्दामच गाळलं होतं. हे दाबलं की कॅमेरा फोटोतला चेहरा आपणहून शोधतो आणि त्वचा मऊ करतो. सुरकुत्या, पुटकुळ्या, डाग सगळं साय धरल्यासारखं होतं. कमी, मध्यम, जास्त अशा पायऱ्या आहेत. आणि ‘ओके’ दाबण्याआधी तो आपल्याला चेहरा मोठा करून दाखवतोसुद्धा. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा.

२०१४ च्या गणपतीतली गोष्ट. गौरी जेवायच्या आदल्या दिवशी आमच्या आत्या मागच्या दारात पाटावर बसून पुरणाची डाळ निवडत होत्या. (आत्या म्हणजे सासूबाई. आमच्या सातारा भागात सासूला आत्याच म्हणतात.) आत्यांचे फोटो फार थोडे. कॅमेरा दिसला की पदर कपाळावर ओढून घ्यायच्या, नाहीतर तोंड फिरवायच्या. पण त्या दिवशी काय झालं कोण जाणे, शेजारी पाळण्यात आमची लेक, पाच महिन्यांची, कशाला तरी खुदकन हसली आणि आत्यांनी मान वर केली. पदर खांद्यावर, हातात सूप, तोंडभर हसू. मी पटकन बटण दाबलं.

आत्यांच्या कपाळावर, दोन भुवयांच्या मधे, हिरवं गोंदण होतं. बारीक चंद्रकोर आणि तिच्याखाली एक ठिपका. हनुवटीवर तीन ठिपके. सात वर्षांच्या असताना शिखर शिंगणापूरच्या यात्रेत गोंदून घेतलेलं. धाकटी बहीण पाच वर्षांची, तिलाही त्याच दिवशी. बहीण इतकी रडली म्हणे, की गोंदणारीनं तिला मूठभर चुरमुरे दिले आणि आत्यांना काहीच नाही, कारण त्या रडल्या नाहीत. हे चुरमुऱ्यांचं दुःख आत्या साठ वर्षांनीही सांगायच्या.

मामंजी २००९ साली गेले, मी ह्या घरात यायच्या आधीच. तेव्हापासून आत्यांच्या कपाळाला कुंकू नव्हतं. आजच्या बायकांनी लावावं, लावायला हवंच, हे माझं मत. पण त्यांना ते कधी पटलं नाही. आंघोळ करून आल्या की देवापुढच्या आरशात बघून नुसता तो ठिपका बोटानं पुसायच्या. एकदा मला म्हणाल्या होत्या, “कुक्कू जातंय, पर ह्ये कुणी न्हेत न्हाई. वर जाताना बाईमाणसाच्या संगं येवढंच येतंय.”

हे माहीत असूनही मी जे केलं ते केलं. त्या दिवशी रात्री सगळी निजल्यावर मी फोटो उघडून बसले. चेहरा अंधारात होता, डी-लायटिंगनं छान उजळला. इथेच थांबले असते तर! पण उजळल्यावर सुरकुत्याही उजळल्या. मी पुढचं बटण दाबलं. स्किन सॉफ्टनिंग, जास्त. कॅमेऱ्यानं चेहरा मोठा करून दाखवला. आत्या दहा-पंधरा वर्षांनी तरुण झाल्या होत्या. आणि गोंदण इतकं पुसट झालं होतं, की हनुवटीवरचे ठिपके नव्हतेच, आणि कपाळावर आहे असं माहीत असलेल्यालाच ते दिसलं असतं.

तुम्ही म्हणाल, लक्षात आलं नसेल. मीही कितीतरी वर्षं सगळ्यांना हेच सांगितलं. पण आज खरं सांगते. दिसलं होतं. आणि मनात आलं होतं, बरंच झालं की! मी साताऱ्यात वाढलेली, बी. ए. झालेली. माझ्या माहेरी कुणाच्या तोंडावर गोंदण नाही. शाळेतल्या एक बाई घरी आल्या होत्या, त्यांनी आत्यांना पाहून जरा आवाज बदलून विचारलं होतं, “सासूबाई गावाकडच्याच का?” तो ‘का’ माझ्या डोक्यात राहिला होता. मी ‘ओके’ दाबलं.

मग कात्री. मागे खुंटीला टांगलेला टॉवेल, गॅसचं सिलिंडर, खाली सूप, सगळं बाहेर. राहिला तो नुसता हसरा चेहरा, गुळगुळीत आणि गोरटेला.

आणखी दोन महिन्यांनी लेकीचं उष्टावण होतं. कार्ड दोन जीबीचं, तीनशे-साडेतीनशे फोटोंत तुडुंब भरायचं. जागा करायची म्हणून मी दुपारी बसून जुने फोटो काढून टाकले. एकसारखे दोन-दोन दिसले की त्यातला वाईट तो खोडायचा, असा माझा हिशेब. आत्यांचा मूळ फोटो त्या हिशेबात ‘वाईट’ ठरला. कॅमेऱ्यानं विचारलं, खोडू का? मी म्हटलं, हो.

प्रिंट करून आणली तेव्हा आत्यांनी ती लांब धरून, जवळ धरून पाहिली. “ब्येस हाय,” म्हणाल्या आणि ट्रंकेत साडीखाली ठेवून दिली. मला वाटलं आवडली.

२०१६ च्या पावसाळ्यात आत्या गेल्या. मोठा करून लावायला त्यांचा एवढा जवळून काढलेला दुसरा फोटोच नव्हता. लग्नाकार्यातले होते ते पदराआडचे, ओळखपत्रावरचा तर विचारूच नका, तो कुणाचाही असू शकला असता. ट्रंकेतला फोटो चौकटीत गेला, त्याला हार घातला. तेराव्याला त्यांची धाकटी बहीण, माणच्या मावशी, आल्या. फोटोपुढे बसल्या, पदरानं काच पुसली, परत पुसली. मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, “कुक्कू द्येवानं न्हेलं. ग्वांदान कुणी न्हेलं ग?”

घर माणसांनी भरलेलं. मी चहाचा ट्रे घेऊन तशीच आत गेले.

तेव्हापासून ती चौकट आमच्या बाहेरच्या खोलीत आहे. येणारा-जाणारा म्हणतो, किती सुंदर होत्या तुमच्या सासूबाई! आणि लेक, जिला आजी आठवतच नाही, ती ह्याच चेहऱ्याला आजी म्हणते. म्हणूनच तिनं ‘स्किन सॉफ्टनिंग’वर बोट ठेवल्यावर मी तिच्या हातातून कॅमेरा काढून घेतला. जरा जोरातच घेतला. ती रडवेली झाली, मग मला सगळं सांगावं लागलं. ह्यांनाही त्या दिवशीच खरं कळलं. ते काहीच बोलले नाहीत. चौकटीकडे बघत चहा प्यायले, बस्स.

लेकच म्हणाली, “कार्ड अजून ह्यातच आहे ना? मग दादाला दाखवू.” दादा म्हणजे माझा भाचा, इंजिनियरिंगला आहे. मी म्हटलं, अगं, खोडलेलं परत येतं का? तर येतं, मैत्रिणींनो! निदान येऊ शकतं. हे मात्र नीट वाचा, कधी ना कधी तुमच्या उपयोगी पडेल.

आपण फोटो खोडतो तेव्हा कॅमेरा तो लगेच पुसत नाही. कार्डावर कुठे काय ठेवलंय ह्याची एक यादी असते, तीत फक्त ‘ही जागा मोकळी’ अशी नोंद करतो. वाण्यानं वहीतलं नाव खोडावं, पण पोतं अजून फळीवरच असावं, तसं. पुढचा फोटो त्या जागेवर येऊन पडेपर्यंत जुना तिथेच असतो. म्हणून चुकून काही खोडलं गेलं तर कॅमेरा तिथल्या तिथे बंद करा, कार्ड बाहेर काढा आणि त्यावर एकही नवा फोटो काढू नका. मी काढले होते. अख्खं उष्टावण काढलं होतं.

भाच्यानं कार्ड कॉम्प्युटरला लावलं. फोटोरेक नावाचा एक फुकट मिळणारा प्रोग्रॅम आहे, तो चालवला. तासाभरात काय काय वर आलं! फोटोंची नावं गेलेली, नुसते आकडे. पण लेकीचं बारसं आलं, ह्यांचा मिशीवाला अवतार आला, एका लग्नातल्या माझ्या हरवलेल्या पैठणीचा फोटो आला. काही फोटो अर्धेच, खाली नुसता करडा पट्टा. भाचा म्हणाला, “मावशी, फोटो वरून खाली असा लिहिलेला असतो. ज्याच्या पुढच्या भागावर नवा फोटो पडला, त्याचा वरचाच तुकडा उरतो.”

त्यातच तो होता.

वरचा अर्धाच. भिंत, टॉवेल, सिलिंडरची मान, जे जे मी कापून टाकलं होतं ते सगळं जिथल्या तिथे. टॉवेलाशेजारच्या खुंटीला मामंजींची टोपी होती. ती तिथे इतकी वर्षं टांगलेली होती हे आम्ही विसरूनच गेलो होतो. घर रंगवताना २०१८ साली ती खुंटीच गेली. आणि टोपीच्या जरा खाली आत्या. काळवंडलेला चेहरा, कपाळाच्या आठ्या, विरळ पांढरे केस, भुवयांच्या मधे हिरवी चंद्रकोर आणि ठिपका, हसण्यानं बारीक झालेले डोळे, नाक... आणि नाकाखाली करडा पट्टा. हसू नाही, हनुवटी नाही, सूप नाही. ह्यांनी कॉम्प्युटरच्या पडद्यावर बोट नेलं आणि मागे घेतलं.

आता घरात आत्यांचे दोन फोटो आहेत. एकात हसू आहे, एकात कपाळ.

गेल्या आठवड्यात दोन्ही घेऊन मी गावातल्या फोटोवाल्या काकांकडे गेले. सत्तरीचे आहेत. पूर्वी निगेटिव्हवर पेन्सिलीनं टचिंग करायचे, काळ्या-पांढऱ्या फोटोंना हातानं रंग द्यायचे. माझ्या आईचा लग्नाआधीचा ‘दाखवायचा’ फोटो असाच कुणीतरी टचिंग केलेला आहे, तेव्हा हा उद्योग काही कॅमेऱ्यानं आणलेला नाही. काकांनी चष्मा कपाळावर सरकवून दोन्ही पाहिले. म्हणाले, “सोपं आहे. हे कपाळ त्या चेहऱ्यावर बसवून देतो. जोड दिसणार नाही.”

मी गप्प बसले. पुन्हा जोडाजोडच ती. पण मावशी अजून आहेत, अठ्ठ्याहत्तरच्या. त्यांना एकदा ताईचा पुरता चेहरा दाखवावा असं फार वाटतं.

“हनुवटीवर पण होतं का काही?” काकांनी विचारलं.

“तीन ठिपके.”

“काढतो की. कसे होते, सांगा. दोन वर नि एक खाली, का एक वर नि दोन खाली?”

मैत्रिणींनो, पाच वर्षं मी त्या बाईच्या समोर बसून जेवले. सकाळ-संध्याकाळ. आणि मला सांगता येईना. ह्यांना फोन लावला, तर ते म्हणाले एका ओळीत होते, मग म्हणाले नाही, थांब.

शेवटी घरी येऊन मावशींना फोन केला. कधी नव्हे ते मनात धरलेलं सगळं सांगून टाकलं, ‘ओके’ दाबल्यासकट. पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाल्या, “माज्या हनुवटीवर त्येच हाय की. येकीच्याच हातचं. यिऊन बगून जा.”

रविवारी दहिवडीची पहिली एस.टी. पकडणार आहे. लेकही येतेय. कॅमेऱ्याची बॅटरी रात्री चार्जिंगला लावलीय आणि नवं कार्ड घेतलंय. मावशींसाठी चुरमुऱ्यांचा चिवडा करून ठेवलाय. त्यांच्या वाटणीचे चुरमुरे त्यांना तेव्हाच मिळाले होते, हे खरं, पण ते असू दे.